जावईबापूंचा मित्र-विषाणू

कारखान्यात त्यांना तोंडावर सगळे ‘सर’ म्हणत आणि पाठ वळली की ‘जावईबापू’. ताईला हे माहीत होतं. ताई म्हणजे मालकांची एकुलती एक मुलगी आणि जावईबापूंची बायको. त्यामुळे पाठीमागचं बोलणं तिच्या कानावर घालताना लोक जरा अडखळत, पण घातल्याशिवाय राहत नसत. खरं सांगायचं तर मनातल्या मनात तीही नवऱ्याला जावईबापूच म्हणायची.

कारखाना चीजचा होता. मागच्या फाटकातून दुधाचे टँकर आत येत, पुढच्या फाटकातून चीजचे ट्रक बाहेर पडत, आणि मधलं सगळं अण्णांनी, म्हणजे ताईच्या वडिलांनी, उभं केलेलं. गुडघे गेल्यापासून अण्णा वरच्या मजल्यावर बसून फक्त सह्या करत. विक्री, माणसं, गाड्या, भांडणं हे सगळं ताई बघे. जावईबापू काय बघत, हे सांगणं अवघड होतं. आधी त्यांनी सुगंधी मेणबत्त्यांचा धंदा काढला, तो बसला. मग ‘नेतृत्व कसं करावं’ याचे वर्ग काढले, तिथे कोणी अनुयायी फिरकला नाही. शेवटी अण्णांनी लेकीच्या तोंडाकडे बघून त्यांना ‘सुधारणा प्रमुख’ नेमलं. हे पद आधी नव्हतं. सुधारायचं काय, हेही कोणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे जे बरं चाललं होतं तिथूनच जावईबापूंनी सुरुवात केली.

चीज करायचं म्हणजे आधी दूध आंबवायचं, आणि त्यासाठी लागतं विरजण. चमचाभर विरजणात कोट्यवधी जिवाणू असतात. ते दुधातली साखर खातात, दूध आंबट करतात, आणि मग पुढचं सगळं सुरळीत होतं. या जिवाणूंची खोली अण्णांनी मुद्दाम आवाराच्या पार टोकाला, एकटी बांधली होती. आत जायचं तर बूट बदला, डगला बदला, कोपरापर्यंत हात धुवा. तिथे राज्य लॅबवाल्या मॅडमचं. मॅडम तीन जातींची विरजणं आलटूनपालटून वापरत, एक झालं की दुसरं, मग तिसरं.

“हा काय पोरखेळ आहे?” जावईबापू म्हणाले. “माणसं दिवसभर आवारातून येरझाऱ्या घालतात, बूट काढतात, बूट घालतात. हा कारखाना आहे की चपलांचं दुकान?”

त्यांनी विरजणाची खोली मुख्य इमारतीत आणली, नेमकी निवळीच्या खोलीला लागून. निवळी म्हणजे चीज धरल्यावर मागे उरतं ते हिरवट पाणी. ते ज्या खोलीत यंत्रांतून गरगरत काढतात, तिथली हवा कायम ओली असते. चष्मा घालून आत गेलं की क्षणात समोरचं दिसेनासं होतं. दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत जावईबापूंनी एक दार पाडून घेतलं. मग ‘तीन विरजणं कशाला?’ म्हणून चौकशी केली. पलीकडच्या डेअरीचे मिशीवाले शेठ एकच विरजण वापरतात आणि ते सगळ्यात जलद आहे, असं त्यांना कळलं. सगळ्याच डेअऱ्या ते एकाच कंपनीकडून घेत होत्या.

“वर्गात पहिला नंबर काढणारा मुलगा असताना बाकीच्यांना कशाला पोसायचं?” त्यांनी मॅडमना विचारलं.

“सर, आलटूनपालटून वापरण्याला कारण आहे,” मॅडम म्हणाल्या.

“असेल. पुढच्या बैठकीत सांगा.”

पुढची बैठक झालीच नाही. बैठकांत वेळ वाया जातो म्हणून त्या बंद करणं ही जावईबापूंची तिसरी सुधारणा होती.

मॅडम ताईकडे आल्या. ताईने ऐकून घेतलं, मान डोलावली आणि काही केलं नाही. कितीतरी दिवसांनी नवरा जेवणाच्या टेबलावर खूश दिसत होता. तो खूश असला की घरात आवाज कमी होई. तेवढ्यासाठी एक दार पाडलं गेलं तर गेलं, असं तिला वाटलं.

काही आठवडे सगळं उत्तम चाललं. दूध लवकर आंबत होतं, अण्णा कौतुकाने खोकत होते. मग एका सकाळी फोरमन जिना चढून ताईच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. तो एरवी फोन करायचा.

“ताई, हौदातलं दूध दूधच आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे विरजण घालून इतका वेळ झाला, आंबायला तयार नाही. चहा करा हवं तर त्याचा.”

ताई खाली गेली. स्टीलचे मोठे हौद काठोकाठ भरलेले, वर साय धरायला लागलेली, आणि भोवती माणसं हात बांधून उभी, आजाऱ्याच्या खाटेभोवती उभी राहतात तशी. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी निम्मे हौद धरले, निम्मे नाही. दूध ओतून द्यावं लागलं. गटार पांढरं वाहताना बघून फोरमनच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला त्याने एका पोऱ्याला उगाचच झापलं.

जावईबापूंना घातपाताचा वास आला. त्यांनी कॅमेरे बसवले. डबे तपासले. कोण कोणाशी बोलतो यावर नजर ठेवायला सांगितलं, आणि ज्याला सांगितलं तो इतका बोलका होता की त्याच्यावरच नजर ठेवावी लागली. दुधात कोणी औषध घालतं का म्हणून टँकरवाल्यांना फाटकावर ताटकळत ठेवलं. तिथे एक टँकर उन्हात उभ्या उभ्या नासला. त्या दिवशी कारखान्यात आंबलेलं तेवढंच दूध.

आणि तेव्हा मॅडम म्हणाल्या, “सर, हा विषाणू आहे.”

जावईबापू खुर्चीतून उठले. “व्हायरस? आपल्या कारखान्यात? आणि हे मला आज सांगताय?”

पुढचं ऐकायला ते थांबलेच नाहीत. तासाभरात सगळ्यांच्या तोंडावर मास्क चढले. फाटकावर ताप मोजायला माणूस बसला. ज्याला शिंक येईल त्याने पगारी रजेवर घरी जावं असा हुकूम निघाला, आणि दुसऱ्या दिवशी निम्मा कारखाना शिंकत आला. फोरमनने तर फाटकावरच्या माणसासमोर अशी काही शिंक काढली की त्या माणसाने आदराने वाट करून दिली.

“अहो, मॅडमचं पूर्ण ऐकून तरी घ्या,” ताई शेवटी नवऱ्याला म्हणाली. तिने स्वतः दोघांना अण्णांच्या खोलीत बसवलं आणि दार लावून घेतलं.

मॅडमनी कागदावर एक चित्र काढलं. वर कंगोरेदार डोकं, खाली दांडा, त्याला सहा काटकुळे पाय.

“हा माणसाला काही करत नाही,” त्या म्हणाल्या. “याला फाज म्हणतात. हा फक्त जिवाणूंना धरतो. आणि तेही सगळ्या जिवाणूंना नाही. प्रत्येक फाजचं गिऱ्हाईक ठरलेलं. जिवाणूच्या अंगावर जाऊन बसतो, ओळख पटली की दांड्यातून स्वतःची जनुकं आत सोडतो. पुढे त्याला काही करावं लागत नाही. जिवाणूच स्वतःची कामं टाकून याचे भाग बनवायला लागतो. डोकी वेगळी, दांडे वेगळे, पाय वेगळे, मग जोडणी. आत शेकडो झाले की जिवाणू फुटतो आणि ते सगळे शेजारच्यांवर जाऊन बसतात.”

अण्णा चित्राकडे बघत राहिले. “म्हणजे बाहेरून एक जण आत घुसतो, आपली कल्पना सोडतो, आणि सगळा कारखाना आपलं काम सोडून त्याचंच करत बसतो?”

“हो.”

“शेवटी कारखाना फुटतो?”

“हो.”

अण्णांनी एकदा जावयाकडे बघितलं आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर. ताईला खोकल्याची उबळ आली. जावईबापू मात्र मन लावून पायांची संख्या मोजत होते.

“पण आपल्याकडे आला कुठून?” ते म्हणाले.

“दुधाबरोबर नेहमीच थोडे येतात. म्हणून तर विरजणं बदलत राहायची. एका जातीवर पोसलेल्यांना दुसरी जात चालत नाही, ते उपाशी राहतात. आपण एकच विरजण ठेवलं म्हणजे त्यांना रोज पंगत वाढली. त्यात निवळीच्या खोलीत ते सगळ्यात जास्त. निवळीच्या थेंबाथेंबात असतात, हवेत उडतात. आणि शेजारीच विरजण. मध्ये दार.”

“दार बंद असतं.”

“दारातून माणसं जातात, सर.”

“कोण जातं? मी बंदी घातलीय!”

मॅडमनी ताईकडे बघितलं. ताईने ‘दाखवा’ अशी मान डोलावली. मग मॅडमनी पिशवीतून काचेच्या झाकणवाल्या थाळ्या काढून टेबलावर मांडल्या. प्रत्येक थाळीत विरजणाचे जिवाणू दाट वाढवलेले, दुधट काचेसारखा थर. जिथे फाजने जिवाणू खाल्ले तिथे थरात गोल, स्वच्छ भोक पडलेलं. निवळीच्या थाळीत इतकी भोकं की थरच उरला नव्हता. गटाराच्या थाळीत पुष्कळ. फोरमनच्या बुटांच्या थाळीत तुरळक. आणि एक थाळी होती, ती कसर लागलेल्या लोकरीसारखी चाळण झालेली.

“ही कशाची?” अण्णांनी विचारलं.

“सरांच्या टायची.”

जावईबापूंनी टाय हातात धरून खालीवर बघितला.

“हे शक्य नाही,” ते म्हणाले. “मी रोज दोनदा आंघोळ करतो.”

रोज राउंड घ्यायचा, माणसांच्या पाठी थोपटायच्या आणि निवळीच्या खोलीतून थेट विरजणाच्या खोलीत डोकावून ‘शाब्बास!’ म्हणायचं, हा त्यांचा नेतृत्वाचा भाग होता. त्या शाब्बासकीने दुधाचे किती हौद गटारात गेले, याचा हिशोब ताईने मुद्दामच केला नाही. झाला असता तर तिला नवऱ्याशी बोलणं अवघड झालं असतं.

त्यानंतर जे करायचं ते तिने एकटीने केलं. विरजणाची खोली परत टोकाला गेली. मधलं दार भिंत घालून बुजवलं. मॅडमनी लांबच्या एका कंपनीकडून अगदी वेगळ्या घराण्यातली विरजणं मागवली, कारखान्यातला फाज त्यांच्यावर सोडून बघितला, आणि ज्यांच्या थाळीत एकही भोक पडलं नाही तीच ठेवली. हौद पुन्हा धरायला लागले. जावईबापूंना उत्पादनाच्या बाजूला यायला मनाई झाली. पण जावयाला नुसतं घरी कसं बसवणार? अण्णांनी त्यांना ‘संशोधन आणि बाह्य संबंध प्रमुख’ केलं. पद मोठं होतं, खोली मोठी होती आणि खोलीपासून हौद खूप लांब होते.

बाह्य संबंधांसाठी जावईबापू एका परिषदेला गेले. परत आले ते वेगळेच होऊन.

“अगं, आपण किती अडाणी होतो!” दारातच त्यांनी सुरुवात केली. “फाज म्हणजे भविष्य! तिथे एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, एका माणसाच्या पायाची जखम वर्षभर भरत नव्हती. औषधं हरली. एकही लागू पडेना, पाय कापायचा ठरलेला. त्यांनी त्या जखमेतला जंतू घेतला, त्याला खाणारा फाज सांडपाण्यातून शोधून काढला, स्वच्छ केला, वाढवला आणि जखमेत सोडला. तो माणूस आता जिने चढतो. जिने!”

ताई चकित झाली. नवऱ्याच्या तोंडून खरी आणि मोठी गोष्ट इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ऐकत होती. दुसऱ्या दिवशी तिने मॅडमना विचारलं.

“खरं आहे ते,” मॅडम म्हणाल्या. “फार कष्टाचं काम असतं. नेमका फाज सापडेपर्यंत माणसं महिनोन्‌महिने गटारांचे नमुने तपासत बसतात. पण खरं आहे.” मग जरा थांबून म्हणाल्या, “सरांना त्यातलं ‘नेमका’ ऐकू आलं असलं म्हणजे झालं.”

ते ऐकू आलं नव्हतं. जावईबापूंनी परिषदेत आणखी एक गोष्ट बघितली होती. एक कंपनी चीजवर मारायचा फवारा विकत होती. चीजवर कधीकधी माणसाला आजारी पाडणारा एक जंतू बसतो. तो मारणारा फाज त्या बाटलीत होता. जावईबापूंनी बाटली हातात घेऊन उलटसुलट केली, आणि त्यांच्या मनात एक विचार आला. बाहेरून विकत कशाला घ्यायचा? आपल्याकडे तर घरचे फाज आहेत, हौदच्या हौद!

त्याच आठवड्यात मॅडम आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेल्या. ताई नव्या गिऱ्हाइकांच्या मागे बाहेरगावी होती. जावईबापूंनी निवळीच्या खोलीतून, जिथे जायला त्यांना सक्त मनाई होती, जुन्या टाकीत साठून राहिलेली निवळी डबे भरून मागवली. पाणी शुद्ध करायच्या सर्वांत बारीक गाळणीतून ती गाळली. परिषदेत ऐकलेलं तेवढं त्यांना बरोबर आठवत होतं, की जिवाणू गाळणीत अडकतात आणि फाज आरपार जातात. मग बाटल्या मागवल्या, लेबलं छापली. लेबलावर वर ‘मित्र-विषाणू’, खाली ‘निसर्गाचा पहारेकरी’, आणि मध्ये हाताची घडी घातलेले स्वतः जावईबापू.

आणि आजूबाजूच्या सगळ्या डेअरीमालकांना प्रात्यक्षिकाचं आमंत्रण धाडलं.

ताई परत आली तेव्हा पॅकिंगच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडून झाल्या होत्या. मिशीवाले शेठ पहिल्या रांगेत होते. त्यांच्या शेजारी डेअरी संघाचे अध्यक्ष, मागे आणखी काही मालक, कोपऱ्यात फोटोग्राफर. अण्णांनाही खुर्चीसकट खाली आणलं होतं. आता थांबवायचं तर वडिलांसमोर आणि पाहुण्यांसमोर नवऱ्याचा हात धरावा लागला असता. ताई भिंतीला टेकून उभी राहिली. नवरा सांगत होता तो परिषदेतलाच फवारा बाटलीत असणार, असं ती धरून चालली होती.

“लोक विषाणू म्हटलं की घाबरतात,” जावईबापू बोलत होते. आवाज चांगला लागला होता. “पण मी या विषाणूला फार जवळून ओळखतो. आमच्याकडे तो शत्रू म्हणून आला. मी त्याला मित्र केलं.”

टाळ्या पडल्या. त्यांनी चीजच्या मोठ्या चकतीवर फवारा मारला. मग पाहुण्यांच्या हातांवर मारला. शेठ दचकले तेव्हा, “घाबरू नका, माणसाला काही करत नाही!” म्हणून त्यांच्या कोटावरही मारला. हवेत धुकं उभं राहिलं. शेठच्या मिशांवर बारीक थेंब चमकायला लागले.

तेवढ्यात मॅडम आत आल्या. त्या थेट स्टेशनवरून आल्या होत्या, पिशवी अजून खांद्यावर होती. लेबल वाचून त्यांनी ताईला विचारलं, “यात काय आहे?”

शेजारी उभ्या असलेल्या फोरमनने उत्तर दिलं. “आपलीच निवळी, मॅडम. गाळून घेतलीय सरांनी.”

मॅडम तिथल्याच एका क्रेटवर बसल्या.

“ताई,” त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, “रोगाचा जंतू मारणारा फाज वेगळा. हा फक्त विरजण मारतो. ते जलद विरजण.”

“जे आपण आता वापरत नाही.”

“आपण नाही वापरत.”

दोघींनी समोर बघितलं. डेअरीमालक रांगेने आपापली भेटीची बाटली घेत होते. शेठनी दोन घेतल्या. अध्यक्ष आपल्या बाटलीचा वास घेऊन मान डोलावत होते.

“मी उठून सांगू का?” मॅडमनी विचारलं.

ताईची नजर अण्णांकडे गेली. अण्णा हसत होते. कितीतरी दिवसांनी ते जावयाच्या पाठीवर हात ठेवून हसत होते. आता उभं राहून ‘बाटल्या परत द्या’ म्हणायचं म्हणजे काय काय सांगावं लागेल, हे ताईच्या डोळ्यांपुढे आलं. टाय, थाळ्या, गटारातलं दूध, सगळं.

“उद्या फोन करते सगळ्यांना,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने खरंच फोन केला. पहिला शेठना.

“शेठ, ती बाटली वापरू नका. त्यात चूक झालीय. ती तुमचं विरजण मारेल.”

पलीकडून मनमोकळं हसणं ऐकू आलं. “काय ताई, इतकी चांगली वस्तू नवऱ्याने वाटली म्हणून जीव जळतोय का? अहो, शेजारधर्म असतो. आणि हे शास्त्राचं खातं तुमच्या मिस्टरांचं ना? मग त्यांना फोन द्या.”

ताईने फोन ठेवला. बाकीच्यांचे नंबर समोर होते. तिने चहा मागवला. मग एक ट्रक अडकला म्हणून तिकडे गेली. मग गिऱ्हाईक आलं. संध्याकाळी तिने स्वतःला सांगितलं की बाकीचेही असंच बोलतील, कशाला अपमान करून घ्यायचा. हे कारण तिला पटलं. पटलं नसतं तर तिने दुसरं शोधलं असतं.

आठवडा उलटला आणि आसपासच्या डेअऱ्यांमधून एकेक बातमी यायला लागली. शेठच्या हौदातलं दूध दूधच राहिलं. अध्यक्षांच्या पुतण्याची डेअरी बंद पडली. बाजारात चीज मिळेना. एकच कारखाना नीट चालला होता, आणि त्याच्या फाटकाबाहेर ट्रकांची रांग लागली होती. ताईला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. अण्णा गुडघे विसरून जिना उतरून खाली आले.

“मी म्हणत नव्हतो?” ते लेकीला म्हणाले. “माणसाला वेळ द्यावा लागतो. बघ, सगळ्यांची डेअरी बसली, आपली चालतेय. संशोधनाचा फायदा!”

“अण्णा, आपली चालतेय ती मॅडमच्या विरजणामुळे. आणि त्यांची बसली ती—”

“अगं, कळतं मला. तुझा स्वभावच आहे, नवऱ्याला श्रेय म्हणून द्यायचं नाही.”

शेठच्या डेअरीतली माणसं बिनकामाची घरी बसली होती. त्यांतल्या एकीची धाकटी बहीण ताईच्या पॅकिंगमध्ये होती. ती एका दुपारी ट्रे उचलता उचलता म्हणाली, “ताई, आमच्या अक्काला आपल्याकडे घ्याल का? तिकडे काही खरं नाही.” ताईने “घेऊ” म्हटलं आणि जेवणाचा डबा न उघडताच बाजूला सारला. तिने मॅडमना बोलावलं. शेठच्या विरजणाच्या थाळ्या तयार ठेवायला सांगितल्या आणि शेठना निरोप पाठवला, या, तुमच्या डेअरीला काय झालंय ते दाखवते.

शेठ आले. मिशांचा ताठा उतरला होता. ताईने दार लावलं आणि सगळं सांगितलं, पहिल्यापासून. बुजवलेलं दार सांगितलं, टाय सांगितला, गाळलेली निवळी सांगितली. बाकीच्यांना फोन केले नाहीत तेही सांगितलं. सांगताना तिचे कान तापले, पण ती थांबली नाही. शेवटी म्हणाली, “तो फवारा आधी बंद करा. मग सगळं धुऊन काढा. विरजण आम्ही देतो, दुसऱ्या जातीचं. मॅडम येऊन सगळं समजावतील.”

शेठ गोंधळून बघत राहिले. “बंद कसा करू? तुमच्या मिस्टरांनी तर वाढवायला सांगितलाय. सकाळ-संध्याकाळ मारतोय. हौदातसुद्धा.”

मॅडमनी कपाळाला हात लावला. मग शांतपणे एक थाळी पुढे सरकवली. “हे तुमचं विरजण. आणि ही भोकं बघा. इथे तुम्हाला दिलेल्या फवाऱ्याचा एक एक थेंब टाकला होता.”

शेठनी थाळी उजेडात धरली. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं. ताईला वाटलं, कळलं. आता ओरडतील, भांडतील, भरपाई मागतील. तिला त्याचंही बरं वाटलं असतं.

तेवढ्यात दार उघडून जावईबापू आत आले. शेठची गाडी त्यांनी खिडकीतून बघितली होती.

“काय बघताय? अरे वा!” त्यांनी थाळी हातात घेतली आणि अनुभवी माणसासारखी डोळ्यांजवळ नेली. “ही भोकं दिसताहेत ना, शेठ? प्रत्येक भोकात लाखो जंतू मेलेत. मी सांगत होतो ना तुम्हाला? फवारा काम करतोय!”

ते अक्षरशः खरं होतं. ताईने तोंड उघडलं, पण त्यात कुठे ‘नाही’ म्हणायचं ते तिला सापडेना.

“अहो, ते विरजणाचे जंतू आहेत,” ती अखेर म्हणाली. “शेठच्या कामाचे!”

“जंतू ते जंतू,” जावईबापू मायेने म्हणाले.

शेठनी सुटकेचा मोठा श्वास सोडला. ज्या माणसाने बाटली दिली तो गाढव होता असं मानायचं, तर दोन बाटल्या घेऊन हौदात ओतणारा कोण, हा प्रश्न उरला असता. तो उरू नये असं त्यांच्या मनात होतं.

“हे बघा ताई,” ते उठत म्हणाले, “तुमच्या मॅडमचं विरजण बिरजण नंतर बघू. आधी साहेबांना आमच्याकडे पाठवा. संघाने ठरवलंय, सगळ्या डेअऱ्यांवर सल्लागार म्हणून यांनाच नेमायचं. सगळ्यांचं बसलं आणि यांचं एकट्याचं चाललं, म्हणजे यांच्यात काहीतरी आहे की नाही?”

“आहे,” मॅडम हळूच म्हणाल्या. “टायमध्ये.”

कोणी ऐकलं नाही. जावईबापूंनी कपाटातून बाटल्यांचं खोकं काढलं, आरशात बघून केस सारखे केले आणि ताईला म्हणाले, “वाट बघू नकोस जेवायला. आज तीन डेअऱ्या करीन म्हणतो.”

दोघे जिना उतरून गेले. मॅडम खिडकीशी गेल्या. खाली शेठ स्वतः गाडीचं दार उघडून उभे होते आणि जावईबापू खोकं मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसत होते.

“ताई, थांबवा ना,” मॅडम म्हणाल्या. “अजून फाटकापर्यंत पण गेले नाहीत. एक हाक मारलीत तरी पुरे.”

ताई उठली. खिडकीपाशी आली. तिने खिडकीच्या कडीला हात घातला, तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. शेठचं वर्षानुवर्षांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक बोलत होतं. चीज कुठेच मिळत नाही, तुम्ही काही करू शकाल का, असं विचारत होतं.

ताईने खाली एकदा बघितलं. गाडी वळली होती.

“बोला,” ती फोनमध्ये म्हणाली. “किती पाठवू?”